‘स्पेक्’ धातूचा शब्दपरिवार : इंग्रजी शब्दसंग्रहाच्या अध्यापनाच्या संदर्भात

इंग्रजीच्या शब्दसंग्रहात लॅटिनमधून थेट अथवा फ्रेंचमार्गे आलेल्या शब्दांचा वाटा मोठा आहे. असे शब्द सुटे सुटे पाठ करण्यापेक्षा मूळ धातूवरून समजून घ्यावेत, असे पदवीच्या वर्गात अनेकदा सांगितले जाते. हा मार्ग कितपत विश्वसनीय आहे, हे ‘पाहणे’ या अर्थाच्या ‘स्पेकेरे’ या लॅटिन क्रियापदाच्या आधारे तपासता येते.

या धातूला उपसर्ग लागून झालेले शब्द सर्वपरिचित आहेत. ‘इन्स्पेक्ट’ म्हणजे मुळात आत पाहणे, ‘रिस्पेक्ट’ म्हणजे वळून पाहणे, ‘सस्पेक्ट’ म्हणजे खालून पाहणे. आहार, विहार, प्रहार, संहार ही मालिका ठाऊक असलेल्या मराठी विद्यार्थ्याला ही रचना परकी वाटू नये. धातूचे रूप मात्र स्थिर राहत नाही. उपसर्ग लागल्यावर लॅटिनमध्येच ‘स्पेक्’चा ‘स्पिक्’ होतो. ‘कॉन्स्पिक्युअस’ आणि ‘डिस्पिकेबल’ हे त्यातूनच आले. ‘एक्स्पेक्ट’मध्ये तर धातूचा ‘स’ उपसर्गातील ‘क्स’मध्ये विरून गेला आहे. फ्रेंचमार्गे आलेल्या ‘डिस्पाइज’ आणि ‘रेस्पाइट’ या शब्दांत तो ओळखणे अवघडच.

याहून मोठी अडचण अर्थाची आहे. ‘स्पीशीज’चा मूळ अर्थ रूप, त्यावरून प्रकार. उत्तरकालीन लॅटिनमध्ये हाच शब्द विक्रीच्या मालाला लागू झाला आणि जुन्या फ्रेंचमधून ‘स्पाइस’, म्हणजे मसाला, होऊन इंग्रजीत उतरला. ‘स्पीशस’ एकेकाळी ‘सुंदर’ होता. आज तो ‘वरकरणी खरा भासणारा, पण फसवा’ आहे. ‘ऑस्पिशस’मध्ये पक्ष्यांच्या उड्डाणावरून शकुन पाहणारा रोमन अधिकारी दडलेला आहे. केवळ धातू माहीत आहे म्हणून यांपैकी एकाचाही अर्थ तर्काने सांगता येणार नाही. उलट ‘हॉस्पिस’ सारखा दिसूनही या कुळातला नाही. त्याचे नाते ‘पाहुणा, यजमान’ या अर्थाच्या ‘होस्पेस’शी आहे. म्हणून व्युत्पत्तीचा उपयोग अर्थ शोधण्यासाठी नव्हे, तर कोशातून कळलेला अर्थ स्मरणात ठेवण्यासाठी करणे अधिक योग्य ठरते. हा क्रम उलटला की विद्यार्थी ‘स्पीशस’सारख्या शब्दापाशी फसतो, आणि तेही पूर्ण आत्मविश्वासाने.

मराठी वर्गाला मात्र येथे एक जवळची वाट उपलब्ध आहे. लॅटिन ‘स्पेक्’ आणि संस्कृत ‘स्पश्’ यांचे इंडो-युरोपीय मूळ एकच आहे. ‘पश्यति’ हे रूप त्यातलेच. ऋग्वेदात वरुणाच्या हेरांना ‘स्पश्’ म्हटले आहे. या धातूचे भूतकालवाचक कर्मणि धातुसाधित म्हणजे ‘स्पष्ट’, अर्थात जे पाहिले गेले ते. लॅटिन ‘स्पेक्टुस’ची घडण हीच. तेव्हा फळ्यावर ‘इन्स्पेक्ट’शेजारी ‘स्पष्ट’ लिहिण्यास हरकत नसावी.