संगणकावरील सामायिक खूणवही : गरज आणि पद्धत

आमच्या मांजरसुंब्याच्या चौकात धुळे-सोलापूर महामार्ग आणि पाटोद्याहून नेकनूर-केजकडे जाणारा रस्ता एकमेकांना छेदतात. तेथे उतरलेला नवखा मनुष्य प्रथम पाटी शोधतो. पाटीवर गावाचे नाव, बाण आणि अंतर एवढेच असते; पण पाटी नसेल अथवा चुकीची असेल, तर बीडला जाणारा मनुष्य चौसाळ्याच्या वाटेला लागतो. संगणकाच्या महाजालावर आपल्या विद्यार्थ्यांची स्थिती अशीच आहे. रस्ते पुष्कळ आहेत, खऱ्या पाट्या थोड्या आहेत. या पाट्या सर्वांनी मिळून कशा लावाव्यात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

एक साधा अनुभव सांगतो. आमच्या परिचयातील एका विद्यार्थ्याने संगणकावर मराठी लिहिता यावे म्हणून एका दुकानदारास पाचशे रुपये दिले. त्याच्या संगणकातील विंडोजमध्ये मराठी कळफलक आधीपासूनच होता; तो फक्त चालू करावयाचा होता. पोराची चूक नव्हती. योग्य पत्ता सांगणारे त्याला कोणी भेटले नव्हते, इतकेच. विशेष म्हणजे तो पत्ता आमच्या संगणकात कित्येक वर्षे जपून ठेवलेला होता! म्हणजे माहिती गावात होती, पण ती एकाच्या कपाटात होती.

खूण म्हणजे काय?

पुस्तक वाचताना आपण पानात मोरपीस किंवा कागदाचा कपटा ठेवतो. ब्राउझरमध्ये एखाद्या पानाचा पत्ता याच रीतीने जपून ठेवता येतो. त्यास बुकमार्क म्हणतात. १९९३ साली आलेल्या मोझेक या ब्राउझरमध्येही अशी यादी ठेवण्याची सोय होती. परंतु ही खूण ज्याची त्याच्यापुरती राहते. संगणक बिघडला, मोबाईल हरवला किंवा मनुष्य बदली होऊन गेला, की खुणाही त्याच्याबरोबर जातात. म्हणून अनेकांनी आपल्या खुणा एका ठिकाणी आणाव्यात, ही कल्पना पुढे आली.

तिचे दोन मोठे प्रयोग अभ्यासण्यासारखे आहेत. पहिला १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘डीमॉझ’ या खुल्या निर्देशिकेचा. तीत स्वयंसेवक संकेतस्थळे पाहून, विषयवार लावून, प्रत्येकाचे थोडक्यात वर्णन लिहीत. १७ मार्च २०१७ रोजी ती बंद झाली, तेव्हा तीत सुमारे ३८ लाख संकेतस्थळे होती आणि आरंभापासून नव्वद हजारांहून अधिक संपादकांनी तीवर काम केले होते. दुसरा प्रयोग २००३ सालच्या ‘डिलिशस’चा. जोशुआ शॅक्टर यांनी सुरू केलेल्या या सेवेत प्रत्येकाने आपल्या खुणेला हवे ते शब्द जोडावेत आणि त्या शब्दांवरून इतरांना ती सापडावी, अशी योजना होती. २००५ मध्ये याहू कंपनीने ती विकत घेतली. २०१० च्या अखेरीस ती बंद होणार अशी बातमी पसरली आणि लोकांची एकच धांदल उडाली. पुढे ती हातोहात विकली गेली व २०१७ मध्ये तीत नवी भर घालणे थांबले.

या दोहोंत फरक आहे. डीमॉझची माहिती कोणालाही उतरवून घेण्यास खुली होती. म्हणून मूळ ठिकाण बंद पडल्यावरही तिच्या संपादकांना ‘कर्ली’ या नावाने ते काम पुढे नेता आले. डिलिशसवर मात्र ज्याने आपली प्रत वेळीच उतरवून घेतली, तोच निर्धास्त राहिला. यातून आम्ही पहिला धडा घेतो : वही दुसऱ्याच्या घरी ठेवण्यास हरकत नाही, पण तिची नक्कल आपल्या घरी असलीच पाहिजे.

मराठीत काम करणाऱ्यांची अडचण

मराठीतून संगणक चालावा म्हणून अनेक हात राबले आहेत. फायरफॉक्स व लिबरऑफिस मराठीत आले, ते बव्हंशी स्वयंसेवकांच्या श्रमांमुळे. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. रेड हॅट कंपनीने लोहित नावाचे मुक्त फॉन्ट उपलब्ध करून दिले. संगणकावरील नेहमीच्या शब्दांना ठरावीक प्रतिशब्द असावेत म्हणून २००८ मध्ये ‘फ्युएल’ हा प्रकल्प निघाला. पण हे सर्व साहित्य विखुरलेले आहे. फायरफॉक्सचे भाषांतर ‘पॉन्टून’वर चालते, लिबरऑफिसचे ‘वेबलेट’वर. देवनागरी अक्षरांचे क्रमांक युनिकोडच्या संकेतस्थळावर, तर फॉन्ट तिसरीकडेच. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेखन केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो, हे कचेरीत काम करणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. तो युनिकोडमध्ये आणण्याची साधने आणखी चौथीकडे. या कामात नव्याने येणाऱ्याचा निम्मा उत्साह पत्ते शोधण्यातच संपतो.

ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच नियम मांडले. वाचकाचा वेळ वाचविणे हा त्यांतील चौथा. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली, तीमुळे आजही अभ्यासकांची पायपीट वाचते. खूणवहीचे कामही याच जातीचे आहे.

वही कशी करावी?

पहिली गोष्ट, प्रत्येक पत्त्यापुढे एक-दोन ओळींचे टिपण हवे : येथे काय मिळते, कोणासाठी, कोणत्या भाषेत, फुकट की पैसे भरून. नुसता पत्ता म्हणजे गावाचे नाव नसलेला बाण होय.

दुसरी, विषयांची शीर्षके आधी एकत्र बसून ठरवावीत व ती थोडी असावीत. एकाने ‘फॉन्ट’, दुसऱ्याने ‘अक्षरे’, तिसऱ्याने ‘टंक’ लिहिले, तर एकच वस्तू तीन कप्प्यांत विखुरते.

तिसरी आमच्या बँकेतून घेतली आहे. बँकेत एकजण नोंद करतो व दुसरा ती तपासून मंजूर करतो. एकाच हाताने दोन्ही कामे होत नाहीत. येथेही तसेच करावे. पत्ता सुचविणारा एक, उघडून पाहणारा दुसरा. चोरून उतरवलेले सॉफ्टवेअर देणाऱ्या संकेतस्थळास वहीत जागा नसावी.

चौथी, ठरावीक मुदतीने, निदान दर तीन महिन्यांनी, सर्व पत्ते तपासावेत. काही बंद पडलेले असतात. काहींच्या नावाची मुदत संपून ते भलत्याच माणसाने घेतलेले असते. हे अधिक घातक, कारण पाटी तीच राहते व रस्ता बदलतो. काही चालू असतात, पण जुने झालेले. उदाहरणार्थ, २०१० मध्ये ओपनऑफिसपासून लिबरऑफिस वेगळे झाले. वहीत केवळ जुनाच पत्ता असेल, तर तो उघडतो खरा, पण आजचे बहुतेक काम दुसरीकडे चालू आहे हे विद्यार्थ्यास कळत नाही. बंद पडलेल्या पानाची जुनी प्रत ‘इंटरनेट आर्काइव्ह’मध्ये पुष्कळदा मिळते, ती पाहिल्याशिवाय नोंद खोडू नये.

पाचवी, वही साध्या मजकुराच्या फाईलमध्ये असावी. फायरफॉक्समधील सर्व खुणा एकाच फाईलमध्ये बाहेर काढता येतात, तेथून आरंभ करावा. संगणक जाणणारे विद्यार्थी ती ‘गिट’ या प्रणालीत ठेवू शकतील. तीत कोणी, केव्हा, कोणता बदल केला हे सर्व राहते आणि प्रत्येकाजवळ संपूर्ण नक्कल असते.

आपल्यासाठी हे का महत्त्वाचे?

ज्या घरात दोन-तीन पिढ्या शिकलेल्या असतात, तेथे मुलाला जेवताना सहज समजते की अमुक पुस्तक कोठे मिळते, अमुक अर्ज कोठे भरावा, कोणावर विश्वास ठेवावा. हाही एक वारसाच आहे, फक्त सातबाऱ्यावर त्याची नोंद नसते. आपल्यातील पुष्कळ मुले घरातील पहिलीच पदवीधर असतात. आम्ही स्वतः कला शाखेचे. संगणक नोकरीत आल्यावर, दहा जणांना विचारून शिकलो आणि प्रत्येक वेळी विचारताना संकोच वाटला. हा वारसा आपल्या मुलांना घरातून मिळणार नसेल, तर तो सर्वांनी मिळून सिद्ध करावा लागेल. वहीला विचारताना कोणालाही संकोच वाटत नाही.

त्यासाठी पाचशे पत्त्यांची गरज नाही. पन्नास तपासलेले पत्ते, प्रत्येकापुढे स्वच्छ मराठीत टिपण, तपासणाऱ्याचे नाव व तारीख, एवढ्याने आरंभ होईल. सभासदांनी आपापल्या खुणांतील पाच-पाच पत्ते द्यावेत. विद्यार्थ्यांनी ते उघडून पाहावेत व चुका निःसंकोच दाखवाव्यात. आमच्या संगणकातील मराठी कळफलकाचा तो पत्ता आम्ही पहिल्या पानावर लिहून देत आहोत.