आठवी जागा

नवा माल घेऊन आलेल्या माणसाला आपण व्यापारी पहिला प्रश्न विचारतो तो मागणीचा. माल कितीही उत्तम असो, दुकानातील फळी तेवढीच असते. एका मालाला जागा द्यायची तर दुसरा उचलावा लागतो. ‘माझा माल चांगला आहे’ एवढ्या शब्दावर ती जागा मिळत नाही. कोण घेणार, किती घेणार आणि न खपल्यास परत कोण नेणार, याची उत्तरे सोबत आणावी लागतात.

व्हिडिओ गेमच्या स्थानिक स्पर्धा भरवणारे आयोजकही हाच हिशेब मांडतात. अशा स्पर्धांना तरुण मंडळी ‘लॅन’ म्हणतात. मूळ शब्द एका जागेतील संगणक तारांनी जोडण्यासाठी होता; पुढे एका छताखाली समोरासमोर खेळण्याच्या मेळाव्यालाच तो रूढ झाला. ‘आमचा खेळही स्पर्धेत घ्या’ अशी विनंती आयोजकांकडे सतत येत असते. तिचे काय होते, हे समजण्यासाठी अमेरिकेतील एका खेळाची कहाणी उद्बोधक आहे.

त्या खेळाचे नाव ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने २००१ साली आपल्या गेमक्यूब या यंत्रासाठी तो बाजारात आणला. प्रतिस्पर्धी पात्राला मंचावरून बाहेर ढकलणे हे त्याचे उद्दिष्ट. त्यात रक्तपात नाही, तरी तो लढतीचाच खेळ आहे. घरात तो असावा की नसावा, हा प्रत्येक कुटुंबाचा विचार. इथे आपला विषय त्याच्या चाहत्यांनी स्पर्धेत जागा कशी मिळवली, एवढाच आहे.

या खेळात इंटरनेटवरून खेळण्याची सोय कंपनीने दिलेली नव्हती. खरी लढत हवी तर माणसांनी एकत्र जमणे भाग होते. त्यातून अमेरिकेतील गावोगावी घरांचे दिवाणखाने, महाविद्यालयांच्या खोल्या आणि भाड्याची सभागृहे यांत लहान स्पर्धा भरू लागल्या.

अशा स्पर्धेत नवा खेळ घ्यायचा म्हणजे आयोजकाला काय पडते, ते पाहू. समजा ३२ खेळाडू आहेत आणि दोनदा हरल्यावर बाद होण्याचा नियम आहे. विजेता सोडून ३१ जणांनी प्रत्येकी दोनदा हरायचे, म्हणजे किमान ६२ सामने. एका सामन्यास १५ मिनिटे धरली तर साडेपंधरा तास होतात. दूरचित्रवाणी व यंत्र यांचे चार संच असतील तर हे काम जवळपास चार तासांत, आठ असतील तर दोन तासांत उरकते. प्रत्यक्षात एकाचा निकाल लागेपर्यंत दुसऱ्याला थांबावे लागते, म्हणून थोडा वेळ अधिकच. सभागृहाचे भाडे तर घड्याळाप्रमाणे चढत असते. संच कोण आणणार, हा म्हणूनच आयोजकाचा पहिला प्रश्न असतो.

मेलीच्या बाबतीत तो अधिकच बिकट होता. हा खेळ सेकंदाला ६० चित्रांच्या गतीने चालतो आणि निष्णात खेळाडूला एका चित्राचा उशीरही जाणवतो. नव्या सपाट पडद्यांवर चित्र उमटण्यास किंचित विलंब लागतो. जुन्या काचेच्या नळीच्या दूरचित्रवाणीवर तो जवळजवळ नसतो. त्यामुळे लोकांनी अडगळीत टाकलेले जड संच हे खेळाडू शोधून आणत, मोटारीच्या डिकीत घालून स्पर्धेला नेत आणि रात्री पुन्हा उचलून घरी आणत. जो संच आणेल त्याला जागेच्या शुल्कात सवलत देण्याची पद्धत पडली. पैशांची दोन खातीही वेगळी राहिली: जागेचे शुल्क भाड्यासाठी, प्रवेशशुल्क बक्षिसासाठी. एका खात्याचा पैसा दुसऱ्यात गेला की खेळाडूंचा विश्वास उडतो, हे त्या मुलांना कोणी शिकवावे लागले नाही.

संचांइतकेच नियमही महत्त्वाचे. खेळात मंचावर अचानक पडणाऱ्या वस्तू असतात. त्या चालू ठेवल्या तर कसबापेक्षा नशीब वरचढ ठरते. खेळाडूंनी आपसांत चर्चा करून त्या बंद केल्या, प्रत्येकी चार जीव व आठ मिनिटांची मर्यादा ठरवली आणि अन्यायकारक मंच वगळले. नियम सर्वत्र बहुतांशी सारखे असल्याने परगावचा खेळाडूही निःशंकपणे येऊ शकला.

लढतीच्या खेळांची अमेरिकेतील सर्वांत प्रतिष्ठित स्पर्धा म्हणजे ‘इव्हो’. तीही १९९६ साली कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथे सुमारे ४० खेळाडूंच्या मेळाव्यातूनच जन्मली. २००७ मध्ये तिथे मेलीला स्थान मिळाले होते. पुढच्याच वर्षी त्याची जागा त्याच मालिकेतील नव्या ‘ब्रॉल’ने घेतली आणि तो सामना खेळाडूंच्या इच्छेविरुद्ध वस्तू चालू ठेवून झाला. त्यानंतर २०१२ पर्यंत या मालिकेचा एकही खेळ इव्होत नव्हता. खेळाडूंनी मात्र आपले मेळावे थांबवले नाहीत. २००९ साली कॅलिफोर्नियातील अँटिओक येथे त्यांनी भरवलेल्या ‘जेनेसिस’ स्पर्धेला स्वीडनहून खेळाडू आला आणि अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला.

२०१३ च्या आरंभी इव्होच्या आयोजकांनी सात खेळ जाहीर केले आणि आठवी जागा मोकळी ठेवली. ती कोणाची, हे ठरवण्याची रीत त्यांनी अशी सांगितली: स्तनाच्या कर्करोगावरील संशोधनासाठी काम करणाऱ्या संस्थेला देणगी द्या, देताना आपल्या खेळाचे नाव सांगा, ज्याच्या नावे अधिक रक्कम जमेल तो आठवा. मेलीच्या चाहत्यांनी ९४ हजारांहून अधिक डॉलर जमवले. दुसऱ्या क्रमांकावरील ‘स्कलगर्ल्स’च्या नावे ७८ हजारांहून अधिक जमले. एकूण रक्कम सव्वादोन लाख डॉलरांच्या वर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १ कोटी २० लाख रुपये झाली.

पैशाने जागा मिळवणे योग्य का, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. आपल्या समाजाला हा प्रश्न नवा नाही. पूजेच्या मानासाठी आपल्याकडेही बोली लागते. मान एकाला मिळतो, पण पैसा कोणाच्या घरी न जाता धर्मकार्यास लागतो. इव्होतही आयोजकांच्या गल्ल्यात त्यातले काही पडले नाही. शिवाय इथे एक धनिक बोली जिंकून गेला नाही. अनेकांच्या लहानमोठ्या देणग्या एका नावाखाली गोळा झाल्या. हरलेल्यांचा पैसाही त्याच संशोधनाला मिळाला, हे विशेष.

जागा मिळाल्यावरही विघ्न आलेच. जुलैत, स्पर्धा तोंडावर आली असता, निन्टेन्डोने सामन्यांच्या इंटरनेट प्रक्षेपणास परवानगी नाकारली. चाहत्यांचा रोष उसळला आणि कंपनीने काही तासांतच निर्णय मागे घेतला. लास वेगासच्या त्या स्पर्धेत मेलीसाठी सातशेच्या आसपास खेळाडू उतरले, एकाच वेळी लाखाहून अधिक लोकांनी प्रक्षेपण पाहिले आणि जोसेफ मार्केझ विजेता ठरला. पुढील वर्षी या खेळाला देणगीच्या आधाराची गरज उरली नाही. २०१६ साली त्याच्या खेळाडूंची संख्या २,३०० च्या वर गेली.

मात्र फळीवरची जागा कायमची कोणाचीच नसते. २०१९ मध्ये इव्होने मेली वगळला आणि मालिकेतील नव्या ‘अल्टिमेट’ला घेतले. खेळ त्यामुळे संपला नाही. गावोगावच्या खोल्या, तिथले जुने संच आणि मान्य झालेले नियम जागच्या जागी होते. जेनेसिससारख्या स्वतःच्या स्पर्धाही होत्या. मोठ्या पेढीने माल घेणे बंद केले तरी ज्याचे स्वतःचे गिऱ्हाईक पक्के आहे, त्याचा धंदा बसत नाही.

उद्या आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी ‘आमचा खेळ स्पर्धेत घेत नाहीत’ अशी तक्रार करू लागली, तर तिला झिडकारू नये आणि केवळ समजूतही घालू नये. खेळाडू किती येतील, संच कोण आणील, नियम लिहून ठेवले आहेत का, सामने किती वाजता संपतील आणि पैशांचा हिशेब कोण ठेवील, हे पाच प्रश्न तिला विचारावेत. उत्तरे कागदावर उतरली की तोच कागद आयोजकाकडे नेता येईल. तेवढ्यावरही नकार आला, तर पहिला मेळावा आपल्याच दिवाणखान्यात भरवता येतो. मेलीचाही प्रारंभ असाच घराघरांतून झाला होता.