निरोपाआधी जिराफांची भेट

केनियाची सफारी आटोपून परतीचं विमान रात्रीचं असेल, तर दुपार खरेदीत घालवू नका. नैरोबीच्या लांगाटा भागातलं जिराफ सेंटर गाठा. जॉक आणि बेटी लेस्ली-मेलव्हिल या दांपत्याने १९७९ साली सुरू केलेल्या कामातून ते उभं राहिलं. पश्चिम केनियात शेतीखाली रानं जात होती आणि तिथला रॉथ्सचाइल्ड जिराफ संपत चालला होता. इथे वाढलेली पिल्लं पुढे अभयारण्यांत सोडली गेली.

हा जिराफ ओळखायला सोपा. गुडघ्याखाली ठिपका नाही, जणू पांढरे मोजेच चढवलेत! लाकडी मचाणावर उभं राहिलं की त्याचं डोकं आपल्या तोंडासमोर येतं. तळहातावर खाद्याच्या गोळ्या ठेवा. सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीची, जांभळट-काळी, चिकट जीभ त्या अलगद उचलते. शिंगंही जवळून पाहा. मादीच्या शिंगांवर केसांचे झुबके असतात. नराची मात्र झुंजींत घासून टकली झालेली. खाद्य संपलं की लगेच मागे सरा, कारण जिराफ डोक्याने जोरदार धडक देतो. मुलांना तर कडेवरून उंच धरूच नका.