पांढरी पाचचा तंबोरा
तारेपासून कानापर्यंत : भाग ९

रविवारी सकाळी पंचवटीतून भाच्याचा फोन आला. "मामा, ॲम्प बिघडलाय. वाजवायचं थांबलं की घूंऽऽ करत बसतो. दुकानात बघितला तेव्हा आवाज नव्हता." म्हटलं, गाऊन दाखव. आधी हसला, मग गायला. मी इकडे पेटीवर सूर चाचपला. पांढरी पाच, जराशी चढी. म्हणजे भिंतीतली वीज गात होती.

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. ॲम्पच्या पॉवर सप्लायमध्ये ती एकाच दिशेला वळवताना लाटेचे दोन्ही अर्धे वापरले जातात, त्यामुळे तिथे उरलेली थरथर १०० हर्ट्झची असते. गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्यात बोट ठेवा, ९८ हर्ट्झ मिळतील. तो जी, म्हणजे आपली पांढरी पाच. महावितरणचा तंबोरा तिच्यापेक्षा साधारण एक तृतीयांश अर्धस्वर चढा लागलेला असतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे तिकडचा हम काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधे कुठेतरी लोंबकळतो. तिकडच्या व्हिडिओतला हम आणि तुमच्या खोलीतला हम जुळत नाहीत, ते यामुळे. सूर ओळखून इतकंच कळतं की आवाज विजेचा आहे. तो आत कुठून शिरतोय, यासाठी जॅक काढावे लागतात.

मी नेहमी ॲम्पकडून गिटारकडे जातो. पहिल्यांदा ॲम्पच्या इनपुटमधला जॅक उपसायचा. तरी आवाज राहिला, तर गिटार निर्दोष. मग ॲम्पचा व्हॉल्यूम शून्यावर न्यायचा. तरीही गुरगुर चालूच असेल, तर संशय पॉवर सप्लायवर. जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये बहुधा गाळणीचे कपॅसिटर थकलेले असतात, पण ते काम मेकॅनिकचं. प्लग काढल्यावरही त्या डब्यात शेकडो व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात.

भाच्याने जॅक काढला. शांत. परत लावला आणि गिटारचा व्हॉल्यूम शून्य केला. तरी शांत. म्हणजे ॲम्प सुटला, लीडही सुटली, उरली गिटार. "आता स्टुलावर बसून गिटारसकट हळूहळू गोल फिर," मी सांगितलं. एका कोनात घूं जवळजवळ नाहीसा झाला, पुढे सरकल्यावर पुन्हा आला.

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसाएवढ्या बारीक तारेचे हजारो वेढे. तार हलली की वेढ्यांत वीज उमटते. पण त्या वेढ्यांना गिटारची तार आणि शेजारचा ट्रान्सफॉर्मर यांतला फरक कळत नाही. बदलतं चुंबकीय क्षेत्र दिसलं की ते धरतातच. क्षेत्राला आडवं वळलं की पकड सुटते, म्हणून हे गोल फिरणं. १९५५च्या सुमारास गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी यावर तोड काढली. दोन कॉइल शेजारी ठेवायची, एकीचे वेढे आणि चुंबक दोन्ही उलटे. तारेचा आवाज दोन्हींत मिळून वाढतो आणि बाहेरचा हम एकमेकांत वजा होतो. त्याच पिकअपला आपण हमबकर म्हणतो. भाच्याच्या गिटारला तीन सुट्या कॉइल आहेत. त्याच्यासारख्या बऱ्याच गिटारींत मधली कॉइल उलटी गुंडाळलेली असते, त्यामुळे स्विच दुसऱ्या आणि चौथ्या जागी नेला की आवाज खाली येतो. त्याचाही आला.

मग दुकानात आवाज का नव्हता? तिथे तो ॲम्पपासून लांब उभा राहून वाजवत होता. घरी ॲम्प थेट गुडघ्याला टेकलेला, आणि त्याच्या पोटात ट्रान्सफॉर्मर. दीड मीटर मागे सरकायला लावल्यावर घूं गेला आणि त्याखाली दडलेलं बारीक झींऽऽ उघडं पडलं. पंख्याचा वेग बदलला की झींचा पोतही बदले. पूर्वीचे ते विटेएवढे, गरम होणारे रेग्युलेटर बिचारे गप्प असत. हल्लीचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट मधेच छाटतो, आणि प्रत्येक छाटणीला कच्चकन आवाज होतो, सेकंदाला शंभर वेळा. पंखा पूर्ण वेगात सोडला की छाटणी जवळजवळ संपते. कपॅसिटरचा, पायऱ्या-पायऱ्यांचा रेग्युलेटर बसवला तर प्रश्नच मिटतो.

एवढं झाल्यावर मी फोन ठेवणारच होतो, तेवढ्यात तो सहज म्हणाला, "बाकी अनवाणी असलो की तारांना हात लावल्यावर मुंग्या येतात, ते चालतंच ना?"

नाही चालत. त्याला तिथल्या तिथे प्लग काढायला लावला. गिटारच्या तारा लीडच्या जाळीतून ॲम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात आणि पत्रा तीन पिनी प्लगच्या जाड पिनेला. ती पिन जमिनीपर्यंत पोचत नसेल, तर गळकी वीज वाजवणाऱ्यातून वाट काढते. स्टेजवर तर ओठ माइकला आणि बोटं तारांवर. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वॉन्झीत स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वे अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून भर कार्यक्रमात गेला. तरीही गणपतीच्या मांडवात हम आला की जाड पिन काढून टाकणारे हात मी पाहिले आहेत. आवाज जातोही, म्हणूनच ती सवय पसरते. तिथे खरी भानगड असते ती दोन अर्थिंगची. ॲम्प एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या, आणि दोघांना जोडणाऱ्या केबलच्या जाळीतून वीज चक्कर मारत राहते. दोन्ही एकाच बोर्डावर घ्यावेत. नाहीतर मधे ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स टाकून त्याचं ग्राऊंड लिफ्ट दाबावं. त्याने सिग्नलची जाळी तुटते, पिनेला हात लागत नाही.

दुपारी वायरमन भाच्याच्या वाड्यावर गेला. बोर्ड उघडला तर तिसऱ्या भोकाच्या मागे वायरच नव्हती, नुसती पितळी नळी. जुन्या वाड्यांत हे नवल नाही. नवं अर्थिंग घालायचं तर नाशिकला मातीच्या पातळ थराखाली काळा पाषाण, आणि कोरड्या दगडातून वीज सहज जिरत नाही. म्हणून खड्ड्यात पाइपाभोवती कोळसा-मीठ भरतात आणि उन्हाळाभर त्यात पाणी ओततात. शिवाय मेन स्विचपाशी ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवायला मी सांगितलंय.

भाच्याची गिटार तूर्त पिशवीत आहे. वाड्याच्या चौकात मुरूम उपसणं चालू आहे, आणि रोज दोन बादल्या पाणी कोण ओतणार यावरून घरात वाद पेटलाय.