उंबऱ्याआतलं मांजर (भाग ९) : आधी वास, मग भेट

रस्त्यावरची मांजर घरात कशी रुळते, हे मागच्या भागात पाहिलं. ती एकदाची रुळली, सोफ्याचा एक कोपरा तिने आपल्या नावावर करून घेतला, की पुढचा प्रश्न हमखास येतो: तिला सोबत म्हणून एखादं पिल्लू आणावं का? खरं तर बहुतेक घरांत प्रश्न पडायच्या आधीच पिल्लू आलेलं असतं. पावसाळ्यात पार्किंगमधल्या गाडीच्या बॉनेटखालून केविलवाणं ओरडणं ऐकू येतं, वॉचमन आणि दोन-चार मुलं जमतात, ग्रीसने माखलेला मूठभर जीव बाहेर काढला जातो आणि ‘तुमच्याकडे आहेच की एक’ असं म्हणत तो तुमच्या हातात ठेवला जातो.

सोबतीची हौस आपली असते. मांजराला ती असेलच असं नाही. आपलं घरगुती मांजर आफ्रिकेतल्या रानमांजरापासून आलं आणि ते रानमांजर एकट्याने शिकार करणारं, आपापला इलाखा राखणारं. मासळीबाजार किंवा बंदर अशा ठिकाणी, जिथे खाणं रोज मिळतं तिथे मांजरं गटाने राहतात खरी. पण त्या गटाचा गाभा बहुधा आई, बहिणी, लेकी अशा नात्यातल्या माद्यांचा असतो. त्या एकमेकींच्या पिल्लांना पाजतातही. बाहेरून आलेल्याला मात्र सहजासहजी जागा मिळत नाही. तुमच्या मांजरीने हे सगळं रस्त्यावर भोगलेलं आहे. आणखी एक तोंड म्हणजे आपल्या वाट्याचं कमी, एवढं तिला पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे तिचं फिस्कारणं हा मत्सर नव्हे की रुसवा नव्हे. भाकरीचा हिशेब आहे तो.

‘तिने स्वतः पिल्लं काढलीत, याच्यावरही माया करेल’ ही आशा मला वारंवार ऐकू येते. काही जणी करतातही. पण पिल्लांना सात घरं फिरवणारी तीच आई पिल्लं मोठी झाली की त्यांनाच हाकलते, हेही विसरू नये. मायेच्या भरवशावर पहिल्याच दिवशी दोघांना समोरासमोर सोडणं म्हणजे जुगार. एक गोष्ट मात्र जुन्या रस्तेकरणीच्या बाजूची आहे. तिला मांजरांची रीत येते. आईपासून फार लवकर तुटून, माणसांतच एकटं वाढलेलं मांजर पुष्कळदा थेट अंगावर जातं. हिला आधी इशारा द्यायचा असतो, हे माहीत असतं.

पहिली पायरी घरात नाही, डॉक्टरांकडे. रस्त्यावरच्या पिल्लासोबत पिसवा आणि जंत येतातच. खरी भीती पॅनल्यूकोपेनियाची. या विषाणूने पिल्लं पटापट दगावतात आणि तो घरातल्या फरशीवर, कापडांवर वर्षभरही टिकू शकतो. नुसत्या फिनाइलच्या भरवशावर राहू नका, त्याला ब्लीच लागतं. म्हणून जुन्या मांजरीचं लसीकरण पुरं आहे ना, हे आधी बघा. पिल्लाची लस सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होते आणि सोळाव्या आठवड्यापर्यंत दर ३-४ आठवड्यांनी द्यावी लागते. रेबीजची साधारण १२ आठवड्यांनंतर. एफआयव्ही आणि फेलाइन ल्यूकेमिया यांची रक्ततपासणी दोघांची करून घ्यावी. नवं पिल्लू दोन आठवडे तरी वेगळ्या खोलीत हवं. वन बीएचकेत वेगळी खोली कुठून आणायची, हे बरोबरच आहे. बेडरूम द्या, नाहीतर कोरडी ठेवलेली बाथरूम. गॅलरी नको, पिल्लू गजांतून सहज निसटतं.

हे दोन आठवडे वाया जात नाहीत. ओळख याच काळात होते, तीही बंद दारातून. मांजर ओळखतं ते वासाने. गालाशी, कपाळाशी मांजरीच्या गंधग्रंथी असतात. आपल्या पोटरीला ढुशी मारते तेव्हा ती आपल्यावर शिक्का मारत असते. जुन्या पंच्याचा तुकडा पिल्लाच्या गालांवरून फिरवा आणि जुनीच्या खाण्याच्या जागेपासून चार हात दूर टाका. आमच्या भुरीने असा तुकडा पाहिला तेव्हा ती आधी त्याला लांबून वळसा घालून गेली. मग मान ताणून हुंगलं, वरचा ओठ किंचित उचलला, तोंड अर्धवट उघडं ठेवलं आणि क्षणभर घाणेरडा विनोद ऐकल्यासारखा चेहरा करून बसली. टाळूतल्या एका खास अवयवाकडे ती तो वास पोचवत होती. नंतर फिस् करून निघून गेली. अशा वेळी फडकं उचलू नका, फक्त आणखी दूर सरकवा. तिचाही वास तसाच पिल्लाकडे पोचवा.

मग जेवण. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना ताटल्या, आधी बऱ्याच लांब, हळूहळू जवळ. दारापाशी ती नेहमीसारखी निवांत खात असेल तर पुढे जा. ताटली तशीच टाकून दाराच्या फटीकडे टक लावून बसत असेल तर मागे या. किती दिवस? ते तिने ठरवायचं, कॅलेंडरने नाही. मध्येच खोल्यांची अदलाबदल करा: पिल्लू तासभर हॉलमध्ये, ती पिल्लाच्या खोलीत. त्यानंतर जाळी. खिडकीची जुनी डासांची जाळी चौकटीत घट्ट बसवली तरी काम भागतं.

प्रत्यक्ष भेटीला पिल्लू खेळून दमलेलं आणि पोट भरलेलं असावं. ते कडेवर घेऊन तिच्यापुढे धरू नका. पंजा तुमच्या हातावर बसेल. पहिली भेट पाचच मिनिटं. ती फिस्कारली, नखं आत ठेवून एक चापट दिली, पिल्लू मागे सरलं, तर उत्तम. इशारा दिला गेला आणि समजलाही. तिला ओरडू तर मुळीच नका. फिस्कारायची सोय काढून घेतली की चावणंच उरतं. काळजी करायची ती शांततेची. अंग जमिनीसरसं, कान मागे चपटे, शेपटीचं टोक थरथरतंय आणि नजर पिल्लावर खिळलेली, असं दिसलं की मध्ये पुठ्ठा किंवा उशी सरकवा. हात घालू नका. मांजराचा चावा खोल जातो आणि लवकर पिकतो. चावलंच तर साबणाने भरपूर धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घराची मांडणीही बदलावी लागते. मांजरं दोन तर मातीचे ट्रे तीन, तेही एका रांगेत नव्हे. पाणी दोन ठिकाणी. फ्रिज, कपाट किंवा माळ्यावर जुनीसाठी अशी एक जागा, जिथे पिल्लाला अजून चढता येत नाही. पिल्लाचं खाणं जास्त सकस असतं आणि ती ते चोरणार, हे धरूनच चाला.

काही घरांत आठवड्यात जमतं, काहींत महिने लागतात. गळ्यात गळे घालून झोपलेल्या मांजरांचे फोटो बघून कुणी निराश होऊ नये. पुष्कळ घरांत शेवट लोकलमधल्या चौथ्या सीटसारखा होतो: कपाळाला आठ्या, पण सरकून जागा दिली जाते. दुपारी सोफा हिचा, रात्री त्याचा. मला विचाराल तर यापेक्षा जास्त मागण्याचा आपल्याला हक्क नाही.

ताण फार झाला तर मात्र शरीर बोलतं. ट्रेबाहेर लघवी, एकाच जागी चाटून चाटून टक्कल. पूर्ण दिवसभर काहीच न खाणं दुर्लक्ष करण्यासारखं नाही. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते. आणि घरातलं जुनं मांजर बोका असेल, ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसून कुंथत असेल आणि थेंबभरही येत नसेल, तर सकाळपर्यंत थांबू नका. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. एक-दोन दिवसांत जीव जातो.

पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत एवढं पुरे. त्या वयात मादी गाभण राहू शकते आणि बोका भिंतींवर फवारे मारायच्या बेतात येतो. नसबंदी कधी, कुठे आणि त्यानंतर दोघांना पुन्हा एकत्र कसं आणायचं (दवाखान्याच्या वासाने ओळखच पुसली जाते), हे पुढच्या रविवारी.