सावित्रीच्या मुखापासून उगमापर्यंत

सायकल म्हणजे शाळेंत किंवा बाजारांत जाण्याची सोय, एवढीच आपल्याकडे सामान्य समजूत आहे. तिच्यावर बसून चार दिवसांचा प्रवास करावयाचा, आणि तोही समुद्रकांठापासून सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत, असें मुलानें म्हटलें कीं पालकांच्या कपाळास आठी पडते. त्यांची काळजी रास्त आहे. मोठ्या रस्त्यांवर मालमोटारींची जी रीघ लागलेली असते, तिच्या कडेनें आपल्या मुलानें सायकल हांकावी असें कोणत्या आईबापांस वाटेल? परंतु नीट विचार केला तर ही भीति सायकलीची नसून रस्त्याची आहे, असें दिसून येईल. रस्ता विचारपूर्वक निवडला तर तिचें मोठें कारण नाहींसें होतें. निवांत रस्ता निवांत कां राहतो, आणि तो कसा ओळखावा, हें एका प्रत्यक्ष मार्गाच्या आधारें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, असा आमचा हेतु आहे.

उदाहरणादाखल आम्ही सावित्री नदीचा मार्ग घेतों. ही नदी महाबळेश्वरीं उगम पावते, व हरिहरेश्वर आणि बाणकोट यांच्यामधून समुद्रास मिळते. एक तीर रायगड जिल्ह्याचा, तर दुसरा रत्नागिरीचा. समुद्रावरून निघून नदीच्या मुखापासून उगमापर्यंत जावयाचें, हा आपला बेत.

प्रथम थोडा भूगोल. सह्याद्रि व समुद्र यांच्यामध्यें कोंकणची पट्टी सरासरीनें सुमारें ५० किलोमीटर रुंद आहे. समुद्रालगतच्या सखल भागास खलाटी व डोंगराकडील चढत्या भागास वलाटी म्हणतात, हें आपण भूगोलाच्या पुस्तकांत वाचलेंच असेल. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या येथें आंखूड व वेगवान् आहेत. परंतु समुद्राजवळ येतांच त्यांचीं मुखें रुंदावून खाड्या होतात. सावित्रीच्या खाडींत भरतीचें पाणी थेट महाडच्या आसपासपर्यंत चढतें.

आतां गाडीरस्ता बांधणाऱ्याच्या दृष्टीनें पाहा. मुंबईहून गोव्यास जाणारा राजमार्ग, जो पूर्वीं १७ क्रमांकाचा होता व आतां ६६ क्रमांकाचा आहे, तो समुद्रकांठानें न नेतां आंतून नेला आहे. कारण उघड आहे. वरच्या अंगास नदीचें पात्र अरुंद असतें, तेथें पूल सहज होतो; खालीं खाडीवर तो बांधणें मोठ्या खर्चाचें काम. १९९८ सालीं पूर्ण झालेली कोंकण रेल्वेही बहुतांशीं आंतूनच धांवते. परिणाम असा झाला कीं, ज्यास घाई आहे तो आंतल्या मार्गानें जातो, आणि किनाऱ्याचा रस्ता खाडीखाडीशीं तुटत असल्यामुळें त्यावर गांवचींच वाहनें फिरतात. यावरून पहिला नियम असा निघतो कीं, घाईच्या माणसास जेथें अडचण, तेथें सायकलस्वारास सोय.

हरिहरेश्वराजवळच्या बागमांडले गांवच्या धक्क्यावर या नियमाचा प्रत्यय येतो. येथून पलीकडच्या वेश्वी गांवास फेरीबोट जाते. तिच्यावर माणसें, दुचाकी व मोटारी सर्व एकत्र चढतात, आणि सायकलीस तर कोणतीच अडचण नाहीं. बोट लागेपर्यंत थांबावें लागतें खरें. परंतु त्याच थांबण्यामुळें पलीकडचा रस्ता मोकळा राहिलेला असतो. वेश्वीजवळच बाणकोटचा किल्ला आहे. तो १७५६ सालीं इंग्रजांच्या ताब्यांत कायम झाला व त्यांनीं त्याचें नांव फोर्ट व्हिक्टोरिया ठेविलें. खाडीचें मुख ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं वरचा व्यापार, हें तेव्हांचें गणित तेथें उभें राहिलें असतां आपोआप ध्यानांत येतें.

पुढें मंडणगडाकडे चढ लागतो. किनाऱ्याचा प्रदेश सपाट असेल व खरी चढण घाटांतच असेल, अशी पुष्कळांची कल्पना असते. ती येथें खोटी ठरते. कोंकणचा सडा हा जांभ्या दगडाचा आहे, व खाड्यांनीं आणि ओढ्यांनीं तो ठिकठिकाणीं चिरला आहे. त्यामुळें रस्ता सड्यावर चढतो, पुन्हां पाण्यापर्यंत उतरतो, व पुन्हां चढतो. एकेक चढ लहान, पण दिवसाअखेर त्यांची बेरीज मोठी होते. म्हणून पहिल्या दिवशीं मंडणगड गांठलें म्हणजे पुरे समजावें.

मंडणगडाहून उतरून खाडीकांठीं म्हाप्रळ गांवीं यावें, व तेथून महाडकडे वळावें. हा रस्ता म्हाप्रळ-भोर-पंढरपूर या नांवानें ओळखला जातो, आणि ह्या नांवांतच एक धडा आहे. खाडी, घाट व देशावरील बाजार यांस जोडणारे असे रस्ते पूर्वपश्चिम जातात, तर आजच्या वाहतुकीचा मुख्य ओघ दक्षिणोत्तर आहे. तेव्हां दुसरा नियम असा कीं, ओघाबरोबर न जातां त्यास आडवा जाणारा रस्ता शोधावा. मात्र येथें एक अपवाद लक्षांत ठेविला पाहिजे. चिपळूण व कराड यांमधील कुंभार्ली घाट, किंवा रत्नागिरी व कोल्हापूर यांमधील आंबा घाट हेही आडवेच आहेत. परंतु ते मोठ्या शहरांस व बंदरांस जोडतात, म्हणून तेथें मालमोटारी फार. केवळ नकाशावरील दिशा पाहून भागत नाहीं. रस्त्याच्या दोन्ही टोकांस काय आहे, हेंही पाहिलें पाहिजे. मोबाइलमधील नकाशा बहुधा जवळचा व वेगाचा मार्ग दाखवितो, निवांत मार्ग दाखवीत नाहीं. तो आपणच शोधावयाचा असतो.

याच मंडणगड तालुक्यांत आंबडवे हें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पूर्वजांचें गांव आहे. आणि महाडास पोहोंचलें म्हणजे तें चवदार तळें दिसतें, ज्याचें पाणी सर्वांस खुलें असावें म्हणून २० मार्च १९२७ रोजीं त्यांनीं हजारों लोकांसह सत्याग्रह केला. मोटारींतून जाणारास हीं दोन नांवें पाट्यांवरच दिसतात. सायकलस्वारास त्या दोहोंमधील भूमि पायांखालून जाणवते.

महाडपासून पोलादपूरपर्यंतचे अठरा-वीस किलोमीटर मात्र राजमार्गावरूनच जावें लागतें. येथें निवांतपणा नाहीं, हें आम्ही लपवून ठेवूं इच्छित नाहीं. हा टप्पा सकाळीं उजाडतांच सुरू करावा, डोक्यास शिरस्त्राण असावें, अंगावर उठून दिसेल असा कपडा असावा, सर्वांनीं एकामागें एक अशा रांगेनें चालावें, व बरोबर एखादें जाणतें माणूस असावें. उरलेला दिवस पोलादपुरीं विश्रांति घ्यावी.

चवथ्या दिवशीं आंबेनळी घाट. यास पूर्वीं मुंबईचे गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांचें नांव होतें. ज्या काळीं हे घाट बांधले, त्या काळीं ओझें बैल ओढीत. बैल थकूं नये म्हणून इंजिनेरांनीं चढ बेताचा ठेविला व रस्ता वळणावळणानें नेला. बैलाची व सायकलस्वाराची अडचण एकच, म्हणून तो जुना हिशेब आज आपल्या उपयोगीं पडतो. पोलादपूर ते महाबळेश्वर हें अंतर सुमारें ४० किलोमीटर, व चढ सुमारें १,३०० मीटर. म्हणजे सरासरीनें दर शंभर मीटरांस सवातीन मीटर. कांहीं ठिकाणीं तो याहून खडा आहे, तर कांहीं ठिकाणीं जवळजवळ सपाट. ताशीं आठ किलोमीटर गति धरली तर पांच तास लागतील.

शास्त्राच्या विद्यार्थ्यांनीं आणखी एक गणित करून पाहावें. स्वार, सायकल व सामान मिळून ८० किलोग्रॅम वजन १,३०० मीटर वर न्यावयाचें, तर सुमारें १० लक्ष ज्यूल इतकें कार्य करावें लागतें. आपलें शरीर अन्नांतील शक्तीचा साधारण चौथा हिस्साच अशा कामीं लावूं शकतें. तेव्हां एवढ्या चढास सुमारें १,००० किलोकॅलरी, म्हणजे पांचसहा भाकऱ्यांचें अन्न, खर्ची पडतें. म्हणून उपाशीपोटीं घाट चढूं नये. गियर हें कार्य कमी करीत नाहीं. तो तेंच कार्य लहान लहान हप्त्यांनीं फेडण्याची सवलत देतो. उतरतांना ह्याच १० लक्ष ज्यूलांचा कांहीं हिस्सा ब्रेकांमध्यें उष्णतेच्या रूपानें बाहेर पडतो. यास्तव उतारावर ब्रेक सारखा दाबून धरूं नये; वळणापूर्वींच गति कमी करावी, आणि मधून मधून थांबून चाकें निवूं द्यावीं.

या घाटांत सुटीच्या दिवशीं प्रवाशांच्या मोटारी फार असतात. म्हणून कामाचा दिवस निवडावा. पावसाळ्यांत तर येथें येऊंच नये. २ ऑगस्ट १९१६ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं, महाडजवळ सावित्रीवरील इंग्रजी अमदानींतला दगडी पूल पुरांत कोसळला व दोन एस. टी. गाड्या वाहून गेल्या. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें दगावलीं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ योग्य, आणि तेव्हांही घाट खुला आहे कीं नाहीं याची चौकशी आधीं करावी.

माथ्यावर पोहोंचल्यावर पायांखालीं पाहावें. सह्याद्रीचा कातळ काळा बसाल्ट. तो सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा आहे. परंतु महाबळेश्वरच्या पठारावर त्यावर तांबडा जांभा पसरलेला दिसतो. पहिल्या दिवशीं समुद्राजवळ जो दगड पाहिला, त्याच जातीचा दगड चवथ्या दिवशीं १,३५० मीटर उंचीवर भेटतो. सावित्री येथून पश्चिमेस शंभर-सव्वाशें किलोमीटरांत समुद्रास मिळते. आणि येथेंच उगम पावणारी कृष्णा पूर्वेस सुमारें १,४०० किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते. पाणलोट म्हणजे काय, हें मग कोणासही पाठ करावें लागत नाहीं.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्यानें सलग रस्ता करावा व राहिलेल्या मोठ्या खाड्यांवर पूल बांधावे, अशी शासनाची योजना आहे. पूल झाले म्हणजे आज जी अडचण शांततेची राखण करिते, ती दूर होईल. म्हणून पूल होऊं नयेत असें म्हणावें काय? तसें म्हणण्याचा अधिकार चार दिवसांच्या पाहुण्यास नाहीं. ज्याच्या घरीं आजारी माणूस आहे व ज्यास रात्रीं बोटीची वाट पाहत धक्क्यावर बसावें लागतें, त्यास विचारलें पाहिजे. पूल व्हावे. परंतु त्यांच्या कडेस पायीं जाणारास व सायकलस्वारास हक्काची जागा राखलेली असावी, एवढी मागणी रास्त आहे. कारण त्या पुलावरून शाळेंत जाणारीं मुलेंही जाणार. तुमच्यापैकीं कोणी उद्यां इंजिनेर होतील, कोणी गांवच्या कारभारांत बसतील. तेव्हां ही मागणी तुमच्यासमोर कागदावर येईल. ज्यानें एकदां खाडीपासून शिखरापर्यंतचा रस्ता स्वतःच्या पायांनीं मोजला आहे, तो ती बाजूस सारणार नाहीं, असा आम्हांस भरंवसा आहे.