पुस्तकातून पवित्रा : सिलाटच्या प्राथमिक धड्यांविषयी

धाराशिव जिल्ह्यातील लोहारा हे गाव १९९९ मध्ये तालुक्याचे ठिकाण झाले. कुस्ती, कबड्डी आणि खो-खो हे खेळ या भागाच्या अंगवळणी पडलेले असून, यात्रेतला कुस्त्यांचा फड आणि शाळेचे मैदान या दोन ठिकाणी ते एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातात. सिलाटसारख्या दूरदेशीच्या युद्धकलेची गोष्ट वेगळी आहे. ती शिकू पाहणाऱ्या तालुक्याच्या गावातील तरुणाच्या हाती प्रथम येते ती मोबाइलवरची चित्रफीत आणि मिळालेच तर एखादे सचित्र पुस्तक. या दोन साधनांच्या आधारे सिलाटची मुळाक्षरे कितपत गिरवता येतात आणि कोणत्या टप्प्यावर ही साधने हात टेकतात, हे बारकाईने पाहणे उपयुक्त ठरेल. कारण गुरूविना विद्या नाही असे म्हणून हा प्रश्न मोडीत काढणे सोपे असले, तरी गुरू मिळेपर्यंतच्या काळात शिकणाऱ्याने काय करावे, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

सिलाट ही मुख्यतः इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर आणि ब्रुनेई या देशांतील युद्धकलांची परंपरा असून, तिच्यात एकच ठरीव पद्धत नाही. सुमात्रातील मिनांगकाबाऊ लोकांची, पश्चिम जावातील सुंदा लोकांची, मलाय लोकांची आणि विसाव्या शतकात संस्था म्हणून उभी राहिलेली अशी अनेक घराणी तिच्यात नांदतात. या घराण्यांना एका छत्राखाली आणण्यासाठी १९४८ मध्ये इंडोनेशियात राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि ‘पेंचाक सिलाट’ हे जोडनाव रूढ झाले, तर १९८० मध्ये वरील चार देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय संघटना उभारली. २०१८ च्या जकार्ता येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत या खेळाला स्थान मिळाले आणि २०१९ मध्ये युनेस्कोने इंडोनेशियाची व मलेशियाची सिलाट परंपरा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्वतंत्रपणे नोंदवली. महाराष्ट्रात हा खेळ ‘पिंच्याक सिलॅट’ या नावाने शालेय स्पर्धांतून खेळला जातो, आणि २०२३ मध्ये गोव्यात झालेल्या सदतिसाव्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही तो प्रथमच समाविष्ट झाला.

स्पर्धेतील सिलाटची दोन प्रमुख अंगे येथे ध्यानात घ्यावी लागतात. ‘तांडिंग’ म्हणजे दोन खेळाडूंमधील प्रत्यक्ष लढत. तिच्यात धडावर मारलेल्या ठोशाला एक, लाथेला दोन आणि प्रतिस्पर्ध्याला नियमानुसार खाली पाडण्याला तीन गुण मिळतात, आणि चेहऱ्यावर वार करण्यास मनाई असते. ‘तुंगाल’ म्हणजे एकट्याने सादर करायचा हालचालींचा ठरीव क्रम. हातांच्या, ‘गोलोक’ नावाच्या कोयत्यासारख्या शस्त्राच्या आणि ‘तोया’ म्हणजे लाठीच्या मिळून शंभर हालचाली तीन मिनिटांत पूर्ण कराव्या लागतात. पुस्तक आणि चित्रफीत यांच्याकडून काय अपेक्षा ठेवावी याची पहिली खूण या भेदातच आहे, कारण तुंगालमध्ये समोर कोणी नसते, आणि तांडिंगमध्ये समोरच्या माणसावाचून काहीच नसते.

पुस्तकावरून शरीराची विद्या शिकणे मराठी वाचकाला अपरिचित नाही. बडोद्याचे दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायामज्ञानकोश’ दहा खंडांत सिद्ध केला. देशी व्यायाम आणि मर्दानी खेळ शब्दांत व चित्रांत पकडण्याचा इतका चिकाटीचा प्रयत्न भारतीय भाषांत विरळाच. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनीही सूर्यनमस्कारांचा प्रसार पुस्तके लिहूनच केला आणि तो यशस्वी झाला, याचे कारण सूर्यनमस्काराच्या घडणीत आहे: तो एकट्याने घालायचा, ठरावीक स्थितींचा, जागच्या जागी पुरा होणारा व्यायाम असल्यामुळे चित्र पाहून त्याची स्थिती साधता येते आणि चुकली तर सुधारताही येते. सिलाटवरील इंग्रजी पुस्तकांची परंपरा त्यामानाने अलीकडची आहे. डॉन ड्रेगर या अभ्यासकाने सहलेखकांसह १९७० मध्ये पेंचाक सिलाटवर आणि १९७८ मध्ये क्वेंटिन चेंबर्ससह ‘पेरिसाई दिरी’ या जावातील घराण्यावर लिहिलेली पुस्तके छायाचित्रांच्या मालिकांनी भरलेली आहेत, आणि आजच्या बहुतेक शिकवणीच्या चित्रफितींची मांडणी अजूनही त्याच धर्तीवर, म्हणजे आधी पवित्रा, मग पाऊल, मग वार आणि शेवटी जोडीतला प्रयोग अशी असते.

पवित्र्याला सिलाटमध्ये ‘कुडा-कुडा’ म्हणतात. पुढचा गुडघा वाकवून भार पुढे घेतलेला, दोन्ही गुडघे वाकवून भार मध्यावर ठेवलेला, मागच्या पायावर रेललेला, बाजूला झुकलेला आणि पाय एकमेकांवरून तिरपे टाकलेला, असे त्याचे मुख्य प्रकार आहेत. हा भाग पुस्तकातून उत्तम शिकता येतो, किंबहुना चित्रफितीपेक्षा पुस्तकच येथे सरस ठरते, कारण स्थिर चित्राकडे हवा तितका वेळ पाहता येते. गुडघा पायाच्या अंगठ्याच्या रेषेत आहे की आत कलला आहे, टाच जमिनीला टेकली आहे की उचलली आहे, कंबर समोर आहे की तिरपी, हे एकेक करून तपासता येते. तरीही एक गोष्ट चित्रात दिसत नाही, ती म्हणजे भार. मागच्या पायावरचा पवित्रा छायाचित्रात हुबेहूब उतरला, तरी शिकणाऱ्याचे अर्धे वजन पुढच्या पायावरच राहिलेले असू शकते. त्याची परीक्षा सोपी आहे: धड जराही न हलवता पुढचा पाय जमिनीवरून उचलून पाहावा, तो सहज उचलला गेला तर भार मागे आहे, आणि उचलताना धडाला आधी मागे झोका द्यावा लागला तर पवित्रा केवळ दिसण्यापुरता आहे. लढतीत याच झोक्याने हेतू उघडा पडतो, त्यामुळे सुरुवातीचे आठवडे या एकाच परीक्षेवर खर्च झाले तरी ते वाया गेले असे मानू नये.

पाऊल टाकण्याच्या शास्त्राला ‘लांगका’ म्हणतात, आणि सिलाटचा कस खरा येथे लागतो. सरळ, नागमोडी, त्रिकोणी, चौकोनी असे पावलांचे आराखडे असतात, त्यांपैकी त्रिकोण हा सर्वांत बोधप्रद. जमिनीवर खडूने किंवा रांगोळीने एक त्रिकोण आखावा, त्याच्या एका टोकाला उभे राहावे आणि समोरून सरळ रेषेत वार येत आहे असे समजावे. मागे सरले तर वार चुकतो, पण उलट वार करण्याची संधीही जाते. त्रिकोणाच्या बाजूवरून तिरपे पुढे गेले तर शरीर वाराच्या रेषेतून बाहेर पडते आणि प्रतिस्पर्धी हाताच्या टप्प्यातच राहतो. पुस्तकात हे पावलांचे ठसे, त्यांवरील आकडे आणि बाण यांनी दाखवलेले असते व ते समजायलाही सोपे असते. परंतु पहिल्या ठशावरून दुसऱ्या ठशावर जाताना पाय टाचेवर वळवायचा की चवड्यावर, आणि वळण पाऊल पडण्याआधी घ्यायचे की पडल्यानंतर, हे आकृती सांगत नाही. येथे चित्रफीत कामाला येते. ती पाव गतीने पाहिली असता दिसते की जाणकार खेळाडूचा मागचा पाय पुढचे पाऊल टेकण्यापूर्वीच चवड्यावर वळू लागलेला असतो आणि कंबर त्याच्यामागून फिरते. नवख्याचे मात्र पाऊल आधी टेकते, मग तो थबकतो आणि मग वळतो, त्यामुळे टेकलेल्या पायावर वळण्याचा सगळा पीळ गुडघ्यावर येतो. चुकीच्या सरावाने गुडघे दुखू लागतात ते बहुधा याच ठिकाणी.

चित्रफितीचे स्वतःचेही काही दोष आहेत. शिक्षक कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा असेल तर त्याचा उजवा हात पाहणाऱ्याच्या डावीकडे येतो, आणि आरशातल्यासारखी नक्कल करणारा विद्यार्थी सगळा क्रम उलट्या बाजूने पाठ करतो. ठरीव क्रम तपासणाऱ्या पंचांसमोर ही सवय महागात पडते, म्हणून पाठमोऱ्या शिक्षकाच्या चित्रफिती निवडणे श्रेयस्कर. स्वतःचा सराव टिपून पाहण्याची सवय चांगली आहे, पण बऱ्याच मोबाइलचा पुढचा कॅमेरा प्रतिमा उलटी दाखवतो, त्यामुळे चित्रण मागच्या कॅमेऱ्याने, एकदा समोरून आणि एकदा बाजूने करावे. पाहणाऱ्याची नजर नेहमी ठोसा मारणाऱ्या हाताकडे जाते, हा आणखी एक धोका. सिलाटमध्ये दुसरा हात छातीपुढे किंवा चेहऱ्याजवळ राखणीला उभा असतो व बरेच काम तोच करतो. म्हणून एकच चित्रफीत तीनदा पाहावी, पहिल्यांदा फक्त पाय, दुसऱ्यांदा फक्त राखणीचा हात आणि शेवटी वार. ज्याने हे असे पाहून आपल्या वहीत, आपल्या मराठीत, प्रत्येक हालचालीची एक ओळ लिहून काढली, तो क्रम सहसा विसरत नाही.

जागेचा विचारही करावा लागतो. मिनांगकाबाऊंच्या ‘सिलेक हारिमाउ’ या वाघाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत खेळाडू जवळजवळ जमिनीला टेकून हालचाल करतो, आणि ओल्या, निसरड्या जमिनीवर तोल राखण्याच्या गरजेतून ती घडली असे स्पष्टीकरण दिले जाते. ‘मेरांताउ’ (२००९) या चित्रपटामुळे या पद्धतीकडे अनेक तरुण ओढले गेले. परंतु लोहारा परिसरातील काळी माती पावसाळ्यात पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते; तिच्यावर अनवाणी वळण घेणे घोट्यासाठी धोक्याचे असते, म्हणून घट्ट मुरमाचे मैदान किंवा घराचे सपाट छत बरे. १९९३ च्या भूकंपानंतर या तालुक्यातील सास्तूरसारखी जी गावे नव्या जागी वसवली गेली, त्यांच्यात रुंद रस्ते आणि मोकळ्या जागा राखल्या गेल्या. त्रिकोणी पावलांच्या सरावाला तेवढी जागा पुरून उरते. चित्रपटातल्या, स्पर्धेतल्या आणि परंपरागत घराण्यातल्या सिलाटचे पवित्रे एकमेकांपासून भिन्न असल्याने तिन्हींचे तुकडे जोडत बसण्यापेक्षा प्रथम एकच मार्ग धरावा. शालेय स्पर्धेत उतरायचे असल्यास तो मार्ग अर्थातच स्पर्धेच्या नियमांचा.

आता या साधनांची मर्यादा कोठे येते ते पाहू. पश्चिम जावातील चिमांदे या घराण्यात शिष्य आरंभी समोरासमोर बसून एकमेकांच्या हातांवर हात आपटीत सराव करतात, आणि त्यानंतर हातांना तेल चोळले जाते. पाय मुद्दाम बाजूला ठेवलेल्या या सरावात समोरच्याच्या हाताची दिशा आणि जोर कातडीला कळू लागतो, आणि ते कळणे कोणत्याही पडद्यातून पोहोचत नाही. ‘सापुआन’ म्हणजे पाय झाडून पाडण्याच्या डावाचेही तसेच आहे. पुस्तकात आधीचे आणि नंतरचे अशी दोन चित्रे असतात, पण ज्या पायावर भार येऊ घातला आहे किंवा ज्यावरून तो नुकताच सुटत आहे, तोच पाय झाडता येतो. क्षणभर उशीर झाला की झाडणाऱ्याची स्वतःचीच नडगी शेकते. सांधे जखडण्याच्या ‘कुंचिआन’ या प्रकाराबद्दल तर स्पष्ट सांगितले पाहिजे की तो चित्रफीत पाहून मित्रावर करून बघण्याची गोष्ट नव्हे, कारण कोपर किंवा मनगट कोठे थांबवायचे हे शिकलेल्या हातालाच कळते, आणि ते चुकल्यास इजा कायमची असू शकते.

सुदैवाने या उणिवेचा एक भाग गावातच भरून निघण्याजोगा आहे. पडावे कसे, हनुवटी छातीला कशी लावावी, हात कसा पसरावा आणि पकडीत अडकलेल्या अंगाचा भार कसा ओळखावा, हे तांबड्या मातीच्या हौद्यात कुस्तीचे वस्ताद रोज शिकवत असतात. सिलाट शिकणाऱ्याने काही महिने तेथे घाम गाळला तर त्याचा तांडिंगमधला तोल निःसंशय सुधारेल. कबड्डीच्या चढाईत अंतराचा जो अंदाज येतो, तोही येथे थेट उपयोगी पडतो. मात्र वाराचे नियम, संरक्षक साहित्य आणि जोडीतले डाव यांसाठी जाणकार प्रशिक्षकाकडे जाणे अनिवार्य आहे, मग त्यासाठी सुटीच्या दिवशी धाराशिव किंवा लातूर गाठावे लागले तरी.

पवित्रे, पावले आणि तुंगालमधील क्रमाची तोंडओळख, एवढे पुस्तक व चित्रफीत यांच्या बळावर घरी नीट साधते, आणि एवढे पक्के करून आलेल्या विद्यार्थ्यामुळे प्रशिक्षकाचा बराच वेळ वाचतो. म्हणून राज्यातील अनुभवी सिलाट प्रशिक्षकांना एक विनंती करावीशी वाटते: भार कोठे, वळण केव्हा आणि राखणीचा हात कोठे, हे प्रत्येक चित्राखाली सोप्या मराठीत सांगणारी एक छोटी सचित्र पुस्तिका त्यांनी लिहावी, तिच्या जोडीला पाठमोऱ्या चित्रणाच्या चित्रफिती द्याव्यात, आणि ती तालुक्या-तालुक्यातील शाळांच्या क्रीडाशिक्षकांपर्यंत पोहोचवावी.